सॉलिसिटरची लेक, मोठ्या घरची सून आणि पडद्यावरची तारामती: दुर्गा खोटे सिनेमात आल्या कशा?

‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते? एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा आणि मध्ये अडकलेली आई. किंवा ‘बॉबी’मधली डिंपलची गोव्याची आजी? आजच्या प्रेक्षकाला दुर्गा खोटे आठवतात त्या या रूपात, केस पिकलेल्या, शांत, घरातल्या कुणीतरी वाटाव्यात अशा. त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळतं. घरंदाज, सुशिक्षित कुटुंबातून सिनेमात आलेल्या त्या पहिल्या काही अभिनेत्रींपैकी एक होत्या, हे ते वाक्य.

वाक्य खोटं नाही, पण त्यातून बरंच काही निसटतं. घरंदाज म्हणजे नेमकं काय? त्या घराने त्यांना सिनेमापर्यंत पोहोचवलं की अडवलं? आणि इतकं सगळं असताना त्यांच्यावर सिनेमात काम करायची वेळ का आली? १४ जानेवारी हा दुर्गाबाईंचा जन्मदिवस. त्यांच्या घराची आणि सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट पाहिली की या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

कांदेवाडीतलं लाड कुटुंब

१४ जानेवारी १९०५ ही त्यांची जन्मतारीख. माहेरचं नाव विठा लाड. वडील पांडुरंगराव लाड हे मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर, आईचं नाव मंजुळाबाई. कुटुंब मूळचं गोव्याचं, गौड सारस्वत, घरची बोली कोकणी. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात विठा वाढली.

त्या काळात सॉलिसिटर असणं म्हणजे काय, हे आज चटकन लक्षात येत नाही. हायकोर्टात उभं राहून युक्तिवाद करायचा तो बॅरिस्टरने. पण अशील आधी जायचा सॉलिसिटरकडे. कागदपत्रं, खरेदीखतं, गिरण्यांचे आणि बंदरातले व्यवहार, मृत्युपत्रं हे सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. या धंद्यात गोऱ्यांच्या पेढ्यांचं वजन मोठं होतं आणि परीक्षा कठीण. त्यामुळे हिंदी माणूस सॉलिसिटर झाला, की त्याच्या घराला पैसा तर यायचाच, शिवाय शहरात एक वेगळी प्रतिष्ठाही मिळायची. लाडांचं घर असं होतं.

त्या घराने आपल्या मुलीला कॅथेड्रल हायस्कूलमध्ये घातलं. फोर्टातली ही इंग्रजी वळणाची शाळा. १९२१च्या जनगणनेत देशभरात शंभरातल्या जेमतेम दोन स्त्रियांना लिहिता-वाचता येत होतं, हे लक्षात घेतलं तर कोकणी बोलणाऱ्या, गिरगावात राहणाऱ्या या मुलीचं रोज कॅथेड्रलला जाणं किती अपवादात्मक होतं ते कळतं. शाळेनंतर त्या धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या. कांदेवाडीपासून हे कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. पण सुनांनी आणि मुलींनी भरलेल्या वाड्यातून निघून मुलांच्या बरोबरीने बी.ए.च्या वर्गात बसायचं, हे अंतर बरंच मोठं होतं.

याच गिरगावाच्या आसपास भारतीय सिनेमाचाही जन्म झाला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा विठा आठ वर्षांची होती. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. या दोन तारखांच्या मधल्या अठरा वर्षांत शाळा, कॉलेज, लग्न, दोन मुलं असा त्यांचा सगळा प्रवास झाला होता.

खोट्यांची सून

कॉलेजात असतानाच लग्न ठरलं. खोटे कुटुंबही सुखवस्तू, सुधारक विचारांचं. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकलेले. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. कॉलेजचं शिक्षण मागे पडलं. त्या वर्गातल्या, त्या काळातल्या मुलीच्या आयुष्यात हे अगदी ठरल्याप्रमाणे होतं. शिकलेली मुलगी हवी, पण ते शिक्षण लग्नाआधीचं. त्यातून पुढे मिळकत व्हावी, अशी अपेक्षाच नसायची.

विशीच्या उत्तरार्धात हा ठरलेला नकाशा कोलमडला. घराचा आर्थिक आधार गेला आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आलं. दोन लहान मुलं पदरात होती.

दोन्ही घरं मोठी असताना अडचण कसली, असा प्रश्न इथे कुणालाही पडेल. उत्तर तेव्हाच्या कायद्यात आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत विधवेला हिस्सा नव्हता, हक्क होता तो पोटगीचा, म्हणजे अन्नवस्त्राचा. पतीच्या वाट्याइतका हिस्सा विधवेला मिळण्याची सोय पहिल्यांदा झाली ती १९३७च्या हिंदू स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याने, आणि तीही तहहयात वापरापुरती. मालमत्तेची पूर्ण मालकी यायला १९५६ उजाडलं. माहेरच्या एकत्र इस्टेटीतही मुलीला वाटा नसायचा. सॉलिसिटरच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती! दोन्हीकडे घर होतं, पण त्यातलं स्वतःच्या नावावर काही नव्हतं. राहायचं ते कुणाच्या तरी मर्जीवर.

मग कमवायचं कसं? इंग्रजी शिकलेल्या बाईला त्या काळी उघडी असलेली दारं मोजकीच होती. शाळेत शिकवणं, घरगुती शिकवण्या, नर्सिंग, आणि पदवी असेल तर डॉक्टरकी. यातल्या बहुतेक कामांना एक तर पुढचं प्रशिक्षण लागायचं, किंवा मिळणारे पैसे दोन मुलांना पुरणारे नसायचे. अशा वेळी ओळखीतून एक प्रस्ताव आला. एका सिनेमात छोटं काम आहे.

‘फरेबी जाल’: जाहिरात, आणि मग नामुष्की

दिग्दर्शक होते मोहन भवनानी. युरोपात शिकून आलेले, मूकपटांतलं बडं नाव. शिकलेल्या, प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना पडद्यावर आणण्याचा त्यांचा प्रयत्न आधीपासून सुरू होता. त्यांच्या सिनेमांतून एनाक्षी रामराव दिसल्या होत्या, कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीही काम केलं होतं.

भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये (१९३१) दुर्गाबाईंची भूमिका काही मिनिटांची होती. काम केलं, पैसे घेतले, विषय संपला, असं त्यांना वाटलं असेल तर ते स्वाभाविक होतं. उरलेला सिनेमा कसा आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

कंपनीने मात्र त्या काही मिनिटांचं मोल बरोबर ओळखलं होतं. जाहिरातीत त्यांचा अभिनय नव्हता, सौंदर्यही नव्हतं. नामांकित सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि प्रसिद्ध खोटे कुटुंबाची सून प्रथमच पडद्यावर, असा जाहिरातीचा रोख होता. त्या बाईची ओळख दोन पुरुषांच्या घराण्यांमधून करून दिली गेली, कारण तिकीट त्यावर खपणार होतं.

सिनेमा लागला आणि प्रेक्षकांना तो सवंग वाटला. टीका झाली, हसंही झालं. एरवी एखाद्या नव्या नटीचा सिनेमा पडला तर ती विसरली जाते. इथे तसं होण्यासारखं नव्हतं. भिंतीभिंतींवर लाड आणि खोटे ही नावं लागली होती. वाईट सिनेमाचा डाग थेट दोन घरांच्या उंबऱ्यावर पडला. गिरगावासारख्या वस्तीत, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि सारस्वत समाज एकमेकांच्या घरातली लग्नं-मुंजी मोजून ठेवतो, तिथे हे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. दुर्गाबाईंसाठी सिनेमाचं दार तिथेच बंद व्हायला हवं होतं.

सिनेमातल्या बायकांकडे तेव्हा कसं पाहिलं जायचं?

हा भाग समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती सापडेना. जाहिराती देऊन, अगदी वेश्यावस्तीत विचारूनही कुणी तयार झालं नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवून तारामती केलं गेलं. मराठी रंगभूमीवर तर बालगंधर्वांचं स्त्री-रूप हाच सौंदर्याचा मानदंड होता, त्यामुळे यात कुणाला फारसं वावगंही वाटलं नाही.

त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरातल्याच होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, मुलीला वाढवायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी फिरत्या नाटक कंपनीचा रस्ता धरला होता. समाजाने त्यांना वाळीत टाकलं. कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी.

म्हणजे दुर्गा खोट्यांना थेट ‘पहिली’ म्हणणं दुर्गाबाई कामतांवर अन्याय करणारं आहे. दोघींचं नाव एकच, पदरात मूल असणं एकच, कारणही जवळपास एकच. मधे अठरा वर्षं. फरक एवढाच की एकीच्या मागे सॉलिसिटर वडिलांचं नाव होतं आणि दुसरीच्या मागे कुणी नव्हतं.

मूकपटांच्या काळात पडदा सांभाळला तो प्रामुख्याने कलावंत घराण्यांतल्या, ज्यू आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांनी. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना टेलिफोन ऑपरेटर होत्या, पुढे त्या काळातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटी झाल्या. ‘आलम आरा’ची नायिका जुबेदा या सचिनच्या नवाबाच्या घराशी नातं सांगणाऱ्या, त्यांच्या आई फातमा बेगम स्वतः दिग्दर्शक. ‘घरंदाज’ हा शब्द वापरताना आपण या सगळ्या बायकांना नकळत दुसऱ्या खान्यात टाकतो. हिंदी-मराठी सिनेमा पायावर उभा राहिला तो त्यांच्या मेहनतीवर, हे विसरून चालणार नाही.

बोलपट आला आणि गणित बदललं. आता चेहरा पुरेसा नव्हता. मराठी सिनेमात मराठी बोलावं लागणार होतं, तेही प्रेक्षकाला आपलं वाटेल असं. सुलोचनांसारख्या मोठ्या तारकेलाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी काम थांबवावं लागलं. नेमक्या या वळणावर कोल्हापूरची एक कंपनी तारामती शोधत होती.

कोल्हापूरहून आलेलं बोलावणं

प्रभात फिल्म कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झाली होती. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच जणांची ही कंपनी. तोवर त्यांनी मूकपटच काढले होते. पहिला बोलपट म्हणून त्यांनी निवडला तोच हरिश्चंद्राचा विषय. नाव ‘अयोध्येचा राजा’. हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीताला गोविंदराव टेंबे. तारामतीसाठी शांतारामांचं लक्ष गेलं ते ‘फरेबी जाल’मधल्या त्या काही मिनिटांवर. ज्या सिनेमाने इतरांना फक्त बदनामी दिसली, त्यात त्यांना उंची, चालण्यातला डौल आणि स्वच्छ आवाज दिसला असावा. राणी म्हणून उभी राहील आणि दासी झाली तरी राणीच वाटेल, अशी नटी त्यांना हवी होती.

दुसऱ्यांदा हो म्हणणं दुर्गाबाईंसाठी सोपं नव्हतं. एकदा हात पोळलेला होता. या वेळी सिनेमा फसला असता तर नाव सावरायला तिसरी संधी मिळाली नसती, आणि त्याची किंमत केवळ त्यांनी नव्हे, दोन्ही घरांनी मोजली असती. शिवाय मुंबई सोडून कोल्हापूरला जाऊन, पुरुषांनी भरलेल्या स्टुडिओत राहून काम करायचं होतं. मुलं लहान होती. दुसऱ्या बाजूला पर्याय काय होते, ते वर आलंच आहे. त्यांनी हो म्हटलं.

माईकसमोर तारामती

कॅथेड्रलच्या मुलीसमोर तिथे तीन अडचणी होत्या: भाषा, गाणं आणि तंत्र. घरची बोली कोकणी, शिक्षण इंग्रजीत, आणि सिनेमा मराठी. इतकंच नाही, तोच सिनेमा ‘अयोध्या का राजा’ या नावाने हिंदीतही होत होता. तेव्हा डबिंग नव्हतं. एक प्रसंग मराठीत चित्रित करायचा, मग तोच पुन्हा हिंदीत. तेच रडणं, तीच हालचाल, दुसऱ्या भाषेत.

गाण्याचं काम त्याहून अवघड. पार्श्वगायन सुरू झालं ते १९३५च्या सुमाराला. त्याआधी नट-नटीने कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं, वादक चौकटीबाहेर बसून साथ करणार आणि हे सगळं एकाच वेळी ध्वनिमुद्रित होणार. मधेच कुणी खोकलं, पाटावरून भांडं सरकलं किंवा सूर घसरला, की संपूर्ण तुकडा पुन्हा. आज मोबाइलवर रील करताना आवाज आणि चित्र वेगळं करून जोडण्याची सोय गृहीत धरली जाते, तेव्हा ती मुळातच नव्हती. दुर्गाबाई गाणं शिकलेल्या गायिका नव्हत्या. समोर मात्र संगीत रंगभूमीवर नाव कमावलेले गोविंदराव टेंबे. त्यांच्याकडून चाली बसवून घेत, त्यांच्याच बरोबरीने कॅमेऱ्यासमोर गायचं होतं.

१९३२च्या सुरुवातीला सिनेमा लागला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याची नोंद होते. तारामतीची गोष्ट प्रत्येकाला माहीत होती. राज्य जातं, नवरा जातो, दासी म्हणून विकलं जावं लागतं आणि रोहिदासाला सांभाळायचं असतं. पण पडद्यावर ही गोष्ट पहिल्यांदाच एका स्त्रीच्या स्वतःच्या मराठी आवाजात ऐकू येत होती. खाणावळीतल्या अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षं गेली होती. प्रेक्षकांपैकी किती जणांना त्या क्षणी पडद्यावरची बाई आणि दोन मुलांना घेऊन कोल्हापूरचं काम स्वीकारलेली बाई यांच्यातलं साम्य जाणवलं असेल, सांगता येत नाही. पण वर्षभरापूर्वी जी नावं हसण्याचा विषय झाली होती, ती आता कौतुकाने घेतली जाऊ लागली.

त्याच वर्षी प्रभातचा ‘मायामच्छिंद्र’ आला. त्यात त्या राणी झाल्या, आणि या राणीच्या पायाशी पाळीव चित्ता! दयेची पात्र असलेली विधवा, ही प्रतिमा त्या एका दृश्यात कायमची पुसली गेली.

पगारी नोकर व्हायचं नाही

इथून पुढची कारकीर्द मोठी आहे. पण सुरुवातीच्या वर्षांतला एक निर्णय सांगायलाच हवा, कारण त्याची मुळं या सगळ्या अनुभवात आहेत. त्या काळात नट-नटी कंपनीचे पगारी नोकर असायचे. करार झाला की कंपनी सांगेल तो सिनेमा, कंपनी सांगेल ती भूमिका. दुर्गाबाई या पद्धतीतून लवकर बाहेर पडल्या आणि सिनेमागणिक वेगवेगळ्या कंपन्यांसाठी काम करू लागल्या. असं करणाऱ्या त्या पहिल्या मोजक्या कलाकारांपैकी.

कलकत्त्याला न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ (१९३३) केला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. दोन्हींत सोबतीला तरुण पृथ्वीराज कपूर. मग पुन्हा प्रभातकडे, आता पुण्याला आलेल्या, ‘अमर ज्योती’साठी (१९३६). त्यात त्या सौदामिनी झाल्या. ज्या न्यायालयाने आणि समाजाने तिचं मूल तिच्यापासून तोडलं, त्यांच्याविरुद्ध उठून समुद्री चाचे बनणारी स्त्री. आईच्या हक्काचा आणि स्त्रीच्या कायद्यातल्या स्थानाचा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारी भूमिका तेव्हाच्या सिनेमात दुर्मीळ होती. ती दुर्गाबाईंच्या वाट्याला आली, हा योगायोग असेलही. १९३७मध्ये ‘सवंगडी’ (हिंदीत ‘साथी’) या सिनेमाच्या निर्मितीत त्या उतरल्या. भारतात बाईने सिनेमा काढण्याची ही सुरुवातीची उदाहरणं.

एका कंपनीत न अडकण्यामागे धाडस तर होतंच, पण हिशेबही असणार. स्वतःच्या नावावर काही नसणं म्हणजे काय, हे ज्या बाईने पाहिलं आहे, ती एकाच मालकावर पुन्हा अवलंबून राहील कशाला?

त्यांच्यानंतर

दुर्गाबाईंच्या येण्याने पुढच्या मुलींना काय फरक पडला? घरातल्या वादात एक नाव मिळालं. सिनेमात जायचं म्हटलं की पालक जे म्हणायचे, त्याला उत्तर म्हणून लाडांची मुलगी दाखवता यायची. लीला चिटणीस पदवीधर होत्या, मुलं होती, संसार मोडला होता. त्या तिशीच्या दशकातच सिनेमात आल्या. शोभना समर्थ आल्या, त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या मुली नूतन आणि तनुजा. रंगभूमीवरही हेच वारं वाहू लागलं होतं. जुलै १९३३मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या.

दुर्गाबाईंनी स्वतः नाटकही सोडलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या, शिरवाडकरांनी मराठीत आणलेल्या ‘मॅकबेथ’मध्ये, म्हणजे ‘राजमुकुट’मध्ये, लेडी मॅकबेथच्या जागी उभ्या राहिल्या. सोशिक तारामतीला हे दोन कारस्थानी स्त्रियांचं उत्तर चांगलं होतं.

खोटे घराणं तर पुढे नटांचंच घराणं म्हणून ओळखलं गेलं. दीर नंदू खोटे अभिनेते होते. त्यांची मुलं शुभा खोटे आणि विजू खोटे. ‘शोले’तला कालिया म्हणजे दुर्गाबाईंचा पुतण्या. धाकटा मुलगा हरिन तरुण वयातच गेला. त्याची पत्नी विजया पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीवरच्या आघाडीच्या दिग्दर्शिका झाल्या.

१९६८मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली आणि १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. त्याच सुमारास त्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आलं. ते त्यांनी मराठीत लिहिलं, पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. शीर्षकात वडिलांचं नाव नाही, सासऱ्यांचं नाही, कुणाची कन्या किंवा कुणाची सून असा उल्लेखही नाही.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच्या काही वर्षं आधी, १९८८मध्ये, दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली होती. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मध्यमवर्गीय कारकून, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन आणि घरोघरी हसणारे प्रेक्षक. ज्यांनी ही मालिका तेव्हा पाहिली त्यांना अंजन श्रीवास्तव आठवतात, भारती आचरेकर आठवतात. श्रेयनामावलीत निर्मितीसंस्थेचं नावही दिसायचं. ते होतं दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स.